तिथी ठाऊक, साल नाही

पितृपक्षात एखाद्या मराठी घरी विचारा, पणजोबांचं पान कधी असतं? उत्तर तयार असतं: षष्ठीला. मग विचारा, कोणत्या साली गेले? आता आजी सुनेकडे बघते, सून भिंतीवरच्या फोटोकडे. "नानांची मुंज झाली आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात," असं काहीतरी निघतं. नानांची मुंज कधी झाली हे नानांनाही धड आठवत नसतं.

जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर षष्ठी चालत नाही. तिथे साल लागतं, महिना लागतो, जमल्यास तारीख. जुन्या वह्या नावांच्या क्रमाने लावलेल्या नसतात. वर्दी आली तशी ओळ भरली, ओळी संपल्या की पान उलटलं. साल न सांगता पणजोबा शोधायला सांगणं म्हणजे कारकुनाला पंचवीस वह्या चाळायला लावणं. तो वैतागला तर त्याला दोष देता येत नाही.

घराण्याचा इतिहास लिहायला बसलेला माणूस या दोन कालगणनांच्या मधे अडकतो. विठ्ठलवाडीत राहणारा जरा जास्तच.

कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलचं पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी, पुढचं उल्हासनगर. एसटीचं विठ्ठलवाडी आगार कल्याण पूर्वेत, तर विठ्ठलवाडी पोलीस ठाणं उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये. नाव एक, महापालिका दोन: १९८३ साली झालेली कल्याण-डोंबिवली आणि १९९६ साली झालेली उल्हासनगर. उल्हासनगर हे नावही १९४९ चं. त्याआधी तिथे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी होती आणि फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली. कल्याण पूर्वेच्या चाळी भरल्या त्या मुरबाड-शहापूर, जुन्नर, सातारा, खानदेश आणि कोकणातून आलेल्या माणसांनी. थोडक्यात, इथल्या फार थोड्या घरांतला पणजोबा इथे गेला. तो गेला गावी, आणि गाव तर केव्हाच सुटलं.

जे इथे गेले त्यांचंही सोपं नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. माणूस राहायला कुठे होता याच्याशी त्या वहीला कर्तव्य नाही. जन्म विठ्ठलवाडीत काढलेला माणूस उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात गेला तर नोंद उल्हासनगरला, कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात गेला तर कल्याणला, कळव्याच्या रुग्णालयात गेला तर ठाणे महापालिकेत. केईएमला हलवलेला असेल तर नोंद परळच्या एफ दक्षिण विभागात आणि सायनला नेलेला असेल तर एफ उत्तरमध्ये. म्हणून घरच्यांना पहिला प्रश्न "कधी गेले" हा विचारायचा नसतो. "शेवटी कुठे नेलं होतं" हा विचारायचा, आणि त्याचं उत्तर बहुधा मिळतं. साल विसरलेली आजी दवाखान्याचा जिना विसरत नाही.

रुळांवर गेलेल्यांची वाट आणखी वेगळी. त्यांचा पहिला कागद लोहमार्ग पोलिसांकडे, 'अकस्मात मृत्यू' म्हणून, पंचनाम्यासह. कल्याण पूर्वेतल्या जुन्या घरांत असा एखादा कागद असतोच. त्याच्याविषयी कुणी फार बोलत नाही. स्मशानात नोंद असते ती निराळी. विठ्ठलवाडीच्या स्मशानभूमीतली पावती घरात जपलेली असेल तर अर्धं काम झालं, कारण तिच्यावर तारीख असते आणि तारखेवरून वही सापडते. आजूबाजूच्या खेड्यांची कथा तर कचेऱ्यांनाच चक्रावणारी आहे. त्यांतली २७ गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेत होती, २००२ ला वगळली गेली, २०१५ ला परत आली. मधल्या वर्षांतला माणूस महापालिकेच्या वहीत शोधायचा नाही, ग्रामपंचायतीच्या शोधायचा.

आता ही वही काय सांगते? नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, ठिकाण, तारीख, वर्दी देणारा कोण. मृत्यूचा जो अर्ज भरतात त्याचे दोन भाग असतात. एक कायद्याचा, तो नोंदवहीत राहतो. दुसरा सांख्यिकीचा, तो फाडून वर पाठवतात. गंमत अशी की माणूस ओळखता येईल असं जे काही आहे ते या दुसऱ्या भागात आहे: व्यवसाय काय होता, बिडी किती वर्षं ओढली, तंबाखू किती वर्षं खाल्ली, सुपारी खायचे का, पीत होते का. पणजोबांवर एक परिच्छेद लिहायला याहून काय हवं? पण तो कागद आकडेमोडीत विरघळून जातो आणि नातवाच्या हाती वयाचा आकडा उरतो, तोही बऱ्याचदा अंदाजाने साठ किंवा सत्तर असा गोल लिहिलेला.

मृत्यूचं कारण ही आणखी एक बंद खोली. कायद्याचं सतरावं कलम सांगतं की कुणीही नोंद शोधून उतारा मागू शकतो. पण त्या उताऱ्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. वहीला ठाऊक असतं, दाखला सांगत नाही. मला हे कलम पटतं. घरात ज्या आजाराचं नाव तीन पिढ्या घेतलं नाही, तो सरकारी शिक्क्याने बाहेर यावा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायला हवं. तरी खिडकीतून हातात आलेला तो स्वच्छ दाखला बघताना चुकल्यासारखं होतं खरं.

कायद्याच्या आधीच्या काळासाठी गाव गाठावं लागतं. जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना चौदामध्ये असायची. काही भागांत तिला कोतवाल बुक म्हणतात. या वह्या एरवी तहसीलच्या अभिलेख कक्षात धूळ खात पडलेल्या. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि नमुना चौदाला अचानक भाव आला. कारण त्या वहीत मयताची जातही लिहिलेली असे. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. पणजोबांच्या मरणाची ओळ इतक्या घरांनी एकाच वेळी शोधल्याचा दुसरा प्रसंग माझ्या तरी डोळ्यांसमोर नाही. शोधत होते जात. सापडलं त्यात पणजोबांचं गाव, मेलेल्या पोरांची नावं, प्लेगच्या आणि १९१८ च्या तापाच्या साली एकाखाली एक आलेल्या ओळी.

जमीन असेल तर आणखी एक वाट, आणि माझ्या मते सगळ्यांत भरवशाची: फेरफार. माणूस जातो आणि सातबारावरचं नाव कमी करायचं म्हणून वारस तलाठ्याकडे जातात. फेरफारात लिहिलं जातं की अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, वारस पुढीलप्रमाणे. खाली मुलगे, मुली, बायको, कधी दोन बायका. थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. लग्न होऊन गेलेल्या मुली इतर कागदांतून पुसल्या जातात, पण इथे हक्कसोडपत्र द्यायला का होईना, नावानिशी हजर असतात. ठाण्यासह काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आता संगणकावर बघता येतात. रात्री दोनपर्यंत लोक ते बघत बसतात.

वर्तमानपत्रातली निधनवार्ता हा वेगळाच साहित्यप्रकार. तिचं व्याकरण ठरलेलं: वृद्धापकाळाने, अल्पशा आजाराने, पश्चात अमुक मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार, अमुक यांचे ते वडील होत. मृत्यूविषयी ती काही सांगत नाही, नात्यांविषयी मात्र सरकारी वहीपेक्षा दुप्पट सांगते. जावयाचं नाव आणि त्याची नोकरी याच ओळीतून कळते. पण ज्यांच्या ओळखीचा कुणी छापखान्यात किंवा बातमीदारांत होता, किंवा ज्यांना जाहिरात परवडत होती, त्यांचंच मरण छापलं गेलं. गिरणीतल्या माणसाची निधनवार्ता चाळीच्या नाक्यावरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिली जायची. तेरावं झालं की फळा पुसून त्यावर गणपतीच्या वर्गणीची सूचना. आता त्या जागी फ्लेक्स लागतो, आणि उल्हासनगरच्या बाजूला गेलं की दशक्रियेऐवजी सिंधी कुटुंबांतल्या पगडीच्या विधीची वेळ दिलेली असते.

उत्तर भारतीय शेजाऱ्यांशी तिथीचा हिशेब जुळवताना एक फसगत ठरलेली. आपण महिना अमावास्येला संपवतो, उत्तरेकडचं पंचांग पौर्णिमेला. त्यामुळे आपला भाद्रपद वद्य पंधरवडा त्यांच्याकडे आश्विन कृष्ण. अस्थी नाशिकच्या रामकुंडात गेल्या असतील तर तिथल्या उपाध्यायांच्या नामावळीत गावावार, कुळावार नोंद मिळू शकते. कुणी पुढे हरिद्वार-काशीपर्यंत गेलं असेल तर तिथल्या वहीतला वद्य पक्षाचा महिना एकाने मागे घ्यायचा. दुसरी फसगत मध्यरात्रीची. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, कचेरीचा बारा वाजता. पहाटे तीनला गेलेला माणूस घरच्यांच्या लेखी गुरुवारी गेला, वहीत शुक्रवार.

बायकांचा माग काढणं सगळ्यांत अवघड, कारण लग्नात नावच बदललेलं. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना सासरी आनंदी झाली, अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेली. तिच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीत, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत, वर नावाचा दगड आहे. आपल्याकडे दगडावर नाव राहतं ते चर्चच्या आवारात, किंवा बेने इस्रायलींच्या कबरस्तानात, जिथे हिब्रूच्या जोडीला मराठीही वाचायला मिळते. जाळणाऱ्यांनी दगड ठेवला नाही.

दगड नाही, पण भांडी ठेवली. मंदिराच्या फरशा, शाळेची बाकं, मंडळाचं घड्याळ आणि घरातला पितळेचा हंडा: सगळ्यांवर 'यांच्या स्मरणार्थ'. आमच्या पणजीविषयी घरात एवढंच ठाऊक होतं की तिचं पान नवमीला. अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेली. पण अहेवपणी गेलेल्या सगळ्याच बायकांचं पान नवमीला वाढतात, त्यामुळे त्या एका गोष्टीपलीकडे नवमी काही सांगत नाही. खरी तिथीसुद्धा तिच्याआड जाते. मग माळ्यावरून हंडा खाली काढला, चिंचेने घासला. काठाखाली ठोक्यांनी कोरलेलं दिसलं: कै. सौ., पुढे नाव, आणि सन १९४३.

साल घेऊन मी खिडकीवर गेलो. आतल्या बाईंनी कागदावर लिहून घेतलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "सासरी गेल्या की माहेरी?"