कृष्णाकांठचे वाडे आणि विहिरी

गेल्या चैत्रांत आमच्या पुतण्याचें विलायतेहून लांबलचक पत्र आलें. नोकरीनिमित्त तो तिकडे राहतो आणि सुटीच्या दिवशीं बायकामुलांस घेऊन खेडोपाडींचे किल्ले, देवळें व जुनीं घरें पाहत हिंडतो. एका सरदाराच्या घरांत त्यानें सबंध दिवस घालविला होता. स्वयंपाकघरांतील तांब्याचीं भांडीं, नोकरांस बोलावण्याच्या घंटा, ग्रंथसंग्रह, बाग, सर्व कांहीं जागच्या जागीं. शेवटीं त्यानें विचारलें होतें, "काका, आपल्या सातारा-सांगलीकडे असें कांहीं आहे का? मुलें विचारतात आणि मला सांगतां येत नाहीं."

हें वाचून आम्हांस लाज वाटली. महाबळेश्वरास आम्ही निदान वीस वेळां गेलों असूं. परंतु वाटेवरच्या वाईंत चहापलीकडे आमचा मुक्काम कधीं झाला नव्हता. तेव्हां चार दिवस काढून कृष्णेच्या काठानें खालीं उतरावयाचें ठरविलें. बरोबर आमचें कुटुंब, दोन नातवंडें आणि ऐंशी वर्षांच्या आत्याबाई.

वाईच्या घाटांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे, म्हणून येथें लांबण लावीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं 1762 सालीं बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाला आवर्जून मागच्या बाजूनें वळसा घालावा. मागील भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचें पाणी तीवर येऊन दुभंगतें आणि देवळास धक्का लागत नाहीं. नातवंडांस मूर्तीपेक्षां ही भिंतच अधिक आवडली!

वाईपासून कोसभर गेलें कीं मेणवली. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनीं 1768 सालीं हें गांव नाना फडणविसांस दिलें, आणि नानांनीं येथें सहा चौकांचा वाडा व नदीला घाट बांधला. घाटावरील मेणेश्वराच्या देवळाजवळ एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर 1707 हें साल असून मेरीची व बाल येशूची आकृति आहे. चिमाजी आप्पांनीं 1739 त वसई घेतली, त्या वेळच्या लुटींतील ही घंटा. अशाच घंटा भीमाशंकरास व नाशिकास नारोशंकराच्या देवळांतही आहेत. 'स्वदेस' (2004) या हिंदी चित्रपटांत हाच घाट दिसतो, म्हणून तरुण मंडळी येथें छायाचित्रें काढावयास येतात. नानांचे कागदपत्र मात्र येथें राहिले नाहींत. द. ब. पारसनीस यांनीं ते मिळविले आणि पुढें 'मेणवली दप्तर' या नांवानें ते पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेले.

वाड्यांत आत्याबाई एका सागवानी खांबाशीं थबकल्या. त्यांनीं त्यावरून हात फिरविला आणि म्हणाल्या, "अस्साच खांब आपल्या माजघरांत होता. मी त्याला धरूनच चालायला शिकलें." आमच्या गांवच्या वाड्याचा पूर्वेकडचा चौक मागल्या पिढींत उतरविला आणि ते खांब एका वखारवाल्यानें वजनावर नेले, हें त्यांना ठाऊक होतें, तरी त्यांनीं विचारलें, "कुठें असतील रे ते?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

विलायतेंत तरी हीं घरें आपोआप टिकलीं असें कोणीं समजूं नये. वारसाकराच्या ओझ्यानें तेथील कित्येक वाडे पाडलेच गेले. 1895 सालीं स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेस 1937 च्या कायद्यानें अशीं घरें स्वीकारण्याची सोय झाली. वंशजांनीं पूर्ववत् आंत राहावें आणि ठराविक दिवशीं लोकांस घर पाहूं द्यावें, अशी ही तडजोड. दहा हिस्सेदारांच्या वाड्यांत वाढलेल्या आमच्यासारख्यांस तिचें मोल ताबडतोब कळतें.

साताऱ्याच्या अलीकडे लिंब येथील विहीर पाहून मात्र आम्ही थक्क झालों. शाहू महाराजांच्या विरूबाई यांनीं 1719 ते 1724 या काळांत ती बांधविली. नांव बारा मोटांचें, पण वर जागा पंधरा मोटांच्या आहेत! पायऱ्या उतरून गेलें कीं अष्टकोनी विहीर आणि तिच्या माथ्यावर कोरीव खांबांचा एक छोटा महाल. बाहेर वैशाखाचें ऊन आणि आंत माजघरासारखा गारवा. मोट म्हणजे काय, हें नातवंडांस समजावितां समजावितां आमचा अर्धा तास गेला. अखेर आत्याबाईंनीं आपल्या पदराची मोट करून दाखविली.

औंधास यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं 1938 सालीं उघडलेलें संग्रहालय आहे. तेथें रविवर्म्याचीं मूळ चित्रें आहेतच. पण हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें माता व बालकाचें शिल्पही आहे. पुतण्यास आम्हीं मुद्दाम कळविलें कीं, तुझ्या विलायतेचा एक तुकडा आमच्या औंधांत जपून ठेवलेला आहे.

शेवटचा मुक्काम सांगलीचा. चिंतामणराव आप्पासाहेबांनीं उभारलेल्या गणपतीचें दर्शन घेतलें. ज्या नगरींत विष्णुदास भाव्यांनीं 1843 त 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, तेथें नाटकवेड्या आत्याबाईंचा पाय लवकर निघेना. पुढें हरिपूर, गोविंद बल्लाळ देवलांचें जन्मगांव. कृष्णा-वारणेच्या संगमावरील या गांवीं हळद सांठविण्याचीं पेंवें आहेत. जमिनींत खोल खड्डा, तोंड बंद केलेलें, आंत हळद. कीड लागत नाहीं कीं रंग उतरत नाहीं. पेंव उघडल्याबरोबर मात्र कोणी आंत उतरत नाहीं. कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून ती आधीं निघून जाऊं देतात. 2005 च्या महापुरांत पुष्कळ पेंवांत पाणी शिरलें आणि माल गुदामांकडे व शीतगृहांकडे वळला. ढोल्या गणपतीच्या मागच्या भिंतीनें तोडलेलें तें कृष्णेचेंच पाणी!

वाचकांपैकीं कोणास जावयाचें असल्यास कार्तिकानंतर जावें. पावसाळ्यांत घाट पाण्याखालीं असतात. आमच्यासारखें उन्हांत जाऊं नये, आणि घरांतील वृद्ध माणूस बरोबर अवश्य न्यावें.

परत आल्यावर आम्हीं गांवच्या वाड्याच्या सर्व हिस्सेदारांस पत्रें टाकलीं: उरलेल्या दोन चौकांचें कौल-वासे या दिवाळीपूर्वीं पाहावयाचे आहेत, प्रत्येकानें यावें. दहांपैकीं चौघांचीं उत्तरें आलीं आहेत. विलायतेहून आलेलें सर्वांत आधींचें.