हॉलचं टेबल: लष्करातल्या जुन्या फर्निचरची पारख आणि खरेदी

शिंदे की छावनी, फालका बाजार, दौलतगंज या भागातली जुनी घरं एकेक करून उतरतायत आणि त्यांच्या जागी फ्लॅट उभे राहतायत. घर उतरवायला काढलं की आधी बाहेर येतं ते फर्निचर. मोठी कपाटं आणि शिसवी पलंग फ्लॅटच्या लिफ्टमध्ये मावत नाहीत, म्हणून ते लाकडाच्या भावाने जातात. पण एका वस्तूला आज चांगली मागणी आहे: भिंतीला टेकवून ठेवायचं अरुंद, लांबट टेबल. दारातून आत शिरल्यावर चाव्या, टपाल, फुलदाणी ठेवायला आणि वर आरसा लावायला ते नव्या घरातही छान बसतं. दुकानदार त्याला 'कन्सोल' म्हणतात, आपल्याकडे 'हॉलचं टेबल' किंवा नुसतं 'भिंतीचं टेबल' म्हणायचे.

असं टेबल घेताना लोक आमच्या मंडळींना दोन प्रश्न विचारतात. ते खरंच जुनं आहे का, आणि त्याला किती पैसे द्यावेत? दोन्हींची उत्तरं पुढे दिली आहेत. पण माझ्या मते तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही: हे टेबल कुठल्या घरातून आलं? मोडलेला पाय सुतार बसवून देतो. हरवलेला पत्ता मात्र कोणालाच बसवून देता येत नाही.

छावणीत टेबल आलं कुठून?

लष्कर हे नावच सांगतं की हे शहर मूळचं फौजेचा तळ. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि तो कायमचा झाला. फौजेबरोबर आलेल्या मराठी घरांत बसणं-उठणं जमिनीवर होतं. सतरंजी, गादी, लोड-तक्के, जेवायला पाट, पूजेला चौरंग. सामान भिंतीतल्या कोनाड्यात नाहीतर फडताळात. भिंतीला लावून उंच टेबल ठेवायची गरजच नव्हती.

गरज निर्माण झाली ती दिवाणखान्याचा 'हॉल' झाला तेव्हा. १८७४ साली जयाजीराव महाराजांच्या काळात जयविलास महाल उभा राहिला. त्याचे वास्तुकार मायकेल फिलोज. महालाची बांधणी युरोपीय धाटणीची, त्यामुळे आतलं सामानही त्याच धाटणीचं. १८७६ च्या सुरुवातीला इंग्लंडचे युवराज ग्वाल्हेरला आले, तेव्हा हा थाट त्यांच्यासाठी सजला होता. महालात जे दिसलं ते सरदारांच्या वाड्यांत उतरलं, आणि तिथून वकील, कारकून, डॉक्टर यांच्या घरांत. मोठ्या घरांनी बाहेरून माल मागवला. बाकीच्यांनी बघून-बघून इथल्याच मिस्त्रींकडून करून घेतला.

म्हणून लष्करातलं जुनं हॉलचं टेबल हा एका ठरावीक काळाचा पुरावा आहे. साधारण १८७५ ते १९५० या पाऊणशे वर्षांत मराठी घर जमिनीवरून खुर्चीवर कसं आलं, ते या टेबलांत दिसतं. पुढे १९४८ मध्ये मध्य भारत संघ झाला, १९५१ च्या कायद्याने जहागिरी गेल्या, १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली. उत्पन्न आटलं, मुलं बाहेरगावी नोकरीला लागली आणि सामान हळूहळू कबाड्याकडे जाऊ लागलं. ते आजही चालूच आहे.

काय-काय मिळतं

बाजारात 'हॉलचं टेबल' या एका नावाखाली चार-पाच वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिलं, खरं भिंतीचं टेबल. पुढचे पाय कोरीव, मागचे साधे, आणि मागची बाजू ओबडधोबड, कारण ती कोणाला दिसायचीच नाही. काहींना मागे पायच नसतात. ती भिंतीला कंसावर टेकतात. दोन खिडक्यांच्या मधल्या जागेत आरशाखाली ठेवायची युरोपीय पद्धत होती, म्हणून अशी टेबलं पुष्कळदा जोडीने बनायची.

दुसरं, अर्धगोल टेबल. यातली काही मुळातच अर्धी, तर काही पूर्ण गोल टेबलाच्या जोडीतला एक अर्धा भाग असतात. सरळ कडेला जोडणीच्या खुंट्या किंवा भोकं दिसली तर दुसरा अर्धा कुठेतरी आहे असं समजावं.

तिसरं, हॅटस्टँड: आरसा, टोपी-पगडीसाठी खुंट्या, छत्र्या-काठ्यांसाठी खालचा कप्पा आणि मध्ये छोटं टेबल. मराठी घरांत हे फार लोकप्रिय होतं.

चौथं, आणि इथे सावध राहा: हात-तोंड धुवायचं जुनं टेबल, म्हणजे वॉशस्टँड. नळ येण्यापूर्वी खोलीत तस्त आणि तांब्या ठेवायला संगमरवरी फळीचं टेबल असायचं. मागची उभी फळी काढून ते आज 'कन्सोल' म्हणून विकतात. तसंच आरसा काढलेलं ड्रेसिंग टेबल. मागच्या कडेला बुजवलेली स्क्रूची भोकं दिसली की ओळखावं. वस्तू वाईट नाही, पण भाव वॉशस्टँडचाच द्यावा.

पारख

इंग्रजी पुस्तकं सांगतात की खणाचे सांधे हाताने कापलेले असतील, दात असमान असतील, तर माल जुना. हा नियम आपल्याकडे डोळे झाकून लावू नका. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही कामं यंत्रावर गेली. आपल्याकडचा सुतार त्यानंतरही कित्येक वर्षं करवत-पटाशीनेच काम करत होता. त्यामुळे हातकामावरून एवढंच कळतं की माल कारखान्यातला नाही. वय कळायला इतर खुणा बघाव्या लागतात. मी त्या या क्रमाने बघतो.

टेबल उलटं करा. दुकानदार कुरकुर करेल, तरी करा. खालची, न रंगवलेली बाजू वर्षानुवर्षांच्या हवेने करडी-तपकिरी झालेली असते, आणि ती सगळीकडे एकसारखी नसते. जिथे दुसरी फळी चिकटलेली होती तिथे फिकट पट्टा दिसतो. चहाचं पाणी किंवा डांबर फासून केलेला रंग मात्र सगळीकडे सारखा असतो आणि सांध्याच्या आतही शिरतो.

स्क्रू बघा. जुना स्क्रू एका चिरेचा असतो. अधिक चिन्हासारख्या चिरेचा स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आला, आपल्याकडे त्याहून नंतर रुळला. तसा एखादा स्क्रू म्हणजे दुरुस्ती असू शकते. सगळेच तसे असतील, तर 'महाराजा के जमाने का' ही गोष्ट तिथेच संपते.

पाठ आणि खणाचा तळ बघा. प्लायवूड असेल तर एकतर टेबल विसाव्या शतकातलं, नाहीतर तळ बदललेला.

माप घ्या. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसतं. जुनं गोल टेबल टेपने मोजलं तर दोन दिशांना थोडा फरक येतो. अर्धगोलालाही हेच लागू.

झीज योग्य जागी आहे का ते बघा. खणाची खालची धार, पुढच्या पायांचे तळ, मुठीभोवतीची जागा ही आधी झिजते. ज्या कोपऱ्याला कधी हात लागत नाही तोही गुळगुळीत असेल, तर झीज पॉलिशपेपरने केलेली आहे.

संगमरवर असेल तर खालून बघा. खऱ्या दगडाची खालची बाजू पुष्कळदा खडबडीत ठेवलेली असते, शिरा आरपार गेलेल्या असतात. तडा गेलेली फळी खालून चिकटवलेली नाही ना, हेही तिथेच कळतं.

लाकूड कोणतं? बहुतेक माल सागवानी किंवा शिसवी. साग हलका, सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट. शिसव जड, गडद, काळपट रेघांचं. नवं 'अँटिक फिनिश' फर्निचर जोधपूर आणि सहारनपूरकडून भरपूर येतं. त्यातलं कोरीवकाम पुष्कळदा उत्तम असतं. नवं म्हणून आणि नव्याच्या भावाने घेतलं तर त्यात काहीच गैर नाही.

डोळा तयार करायचा असेल तर बाजारात जाण्याआधी जयविलासचं संग्रहालय बघून या. १९६४ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. झुंबरं आणि चांदीची आगगाडी बघायला सगळेच जातात. तुम्ही भिंतीलगतची टेबलं बघा: पायांची वळणं, कडा, उंची-रुंदीचं प्रमाण.

पॉलिश काढू नका

दुकानदार हमखास म्हणतो, 'साहब, चमका के देंगे.' नम्रपणे नाही म्हणा. जुनं पॉलिश बहुधा चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने चढवलेलं असतं. दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा कापूस टेकवा. चिकट झालं तर लाख आहे. लाखेचं पॉलिश न खरवडता नव्याने उजळता येतं. आधी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने मळ काढा, मग जाणत्या मिस्त्रीकडून वरून एक-दोन हात द्या. यंत्राने घासून त्यावर प्लास्टिकसारखं चकचकीत कोटिंग मारलं की रंग, झीज, खुणा सगळं जातं. टेबल नवं दिसतं, आणि नव्यासारखं दिसायचं असेल तर जुनं घ्यायचंच कशाला?

ग्वाल्हेरच्या हवेचाही विचार हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि आपण समोर कूलर लावतो. एका बाजूने कोरडा उन्हाळा, दुसरीकडून ओली हवा. फळ्या तडकतात, विनियर उचलतं. कूलरच्या थेट झोतात आणि पश्चिमेच्या उन्हात टेबल ठेवू नका. पावसाळ्यापूर्वी मागची बाजू वाळवीसाठी तपासा. खाली ताजा पिवळट भुसा पडत असेल तर आत भुंगा आहे, तो आधी मारून घ्या.

भाव आणि कायदा

भावाचा आकडा मी देत नाही, तो महिन्यागणिक बदलतो. पद्धत सांगतो. तेवढ्याच मापाचं नवं सागवानी टेबल सुताराकडून करून घ्यायला काय पडेल ते आधी विचारा. जुन्यासाठी त्याहून जास्त द्यायचं असेल तर कारण हवं: मूळ पॉलिश, मूळ संगमरवर, जोडी, किंवा घराचा खात्रीचा पत्ता. कुलूप, मूठ, पाय बदललेले असतील तर प्रत्येकासाठी भाव खाली आणा. मुंबईचा चोरबाजार किंवा ओशिवरा इथला भाव इथे लावू नका. तिथल्या किमतीत वाहतूक, दुरुस्ती आणि जागेचं भाडं धरलेलं असतं.

कायद्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी ऐतिहासिक, कलात्मक वस्तू पुरावशेष ठरू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याला आजोबांचं टेबल पाठवायचं असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. दुसरं, हस्तिदंताची जडणघडण असलेलं काही घेऊ नका. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे.

घराचा पत्ता

आता तो तिसरा प्रश्न. कबाड्याला विचारलं तर तो पहिल्यांदा 'राजघराने का है' म्हणतो. ते सोडून द्या. 'कौन सी गली से उठाया?' असं विचारा. गल्ली तो सहसा सांगतो, कारण तिथून अजून माल निघणार असतो. मग त्या गल्लीत जाऊन शेजारच्या आजी-आजोबांशी बोला. त्यांना टेबल आठवतं, त्यावर काय ठेवलेलं असायचं तेही आठवतं: टपाल, गणपतीतली आरास, लग्नाच्या पत्रिका.

टेबलाच्या खालच्या बाजूला खडूचे आकडे, मिस्त्रीची खूण, कागदाची चिठ्ठी असेल तर पुसू नका, फोटो काढा. मग एका कागदावर लिहा: कोणत्या मोहल्ल्यातून, कोणत्या वर्षी, कोणाकडून घेतलं, काय दुरुस्ती केली. कागद पाकिटात घालून खणाच्या मागे ठेवा. त्याची एक प्रत मंडळाकडे दिलीत तर आम्ही ती नोंदवहीत लावू. ज्यांच्या घरातलं टेबल विकायचं आहे त्यांनीही विकण्यापूर्वी एवढं करावं: ते जिथे वर्षानुवर्षं उभं होतं त्या भिंतीसकट त्याचा एक फोटो काढून ठेवावा. टेबल दुसऱ्या घरात टिकेल. भिंत बहुधा टिकणार नाही.