घराण्याचे दफ्तर कॅमेऱ्यात कसे उतरवावे?

दुकानाच्या वहीत कोणाकडे किती उधारी आहे, हे आम्हा व्यापाऱ्यांना पैशापर्यंत पाठ असते. पण पणजोबांचे नाव कोणी विचारले की आम्ही घरातल्या बुजुर्गांच्या तोंडाकडे पाहतो. मालेगाव-भिवंडीतील कित्येक मोमीन विणकरांचे पूर्वज १८५७ नंतर उत्तरेकडून आले, एवढे सर्वांना ठाऊक आहे. कोण, कोठून, कोणाबरोबर आले, हे सांगणारे कागद मात्र घरच्या पेट्यांत, निकाहाच्या रजिस्टरांत आणि शाळांच्या दफ्तरांत पडून आहेत. वाळवीला आणि पावसाळ्याला सुट्टी नसते.

हा नुसता हौसेचा मामला नाही. वारसाहक्काच्या वाटणीत शजरा लागतो. मोमीन, जुलाहा अशा बिरादऱ्यांना इतर मागासवर्गाचा दाखला काढताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो.

आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी शजरा तयार करण्यासाठी आम्ही वालिदसाहेबांच्या शाळेत गेलो. उर्दूत लिहिलेल्या जनरल रजिस्टरात त्यांच्या नावापुढे ‘मोमीन’ अशी नोंद होती. खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्याने आम्ही त्या एका ओळीचा फोटो घेतला आणि खुशीत घरी आलो. पुढे मुलीच्या प्रवेशासाठी दाखल्याची गरज पडली. शाळेने विचारले, रजिस्टर कोणते, क्रमांक कोणता? फोटोत दोन्ही नव्हते. एकेक रजिस्टर चाळण्यात दोन महिने गेले. नोंद सापडली, तेव्हा पानाची कड वाळवीने खाल्लेली होती. आणखी एक पावसाळा गेला असता तर?

अमेरिकेतील युटा येथील वंशावळ संस्थेने १९३८ पासून जुन्या नोंदींच्या मायक्रोफिल्म काढल्या. २४ लाखांहून अधिक रिळे डिजिटल करण्याचे काम २०२१ मध्ये पूर्ण झाले. त्या कामातून घेण्यासारखी गोष्ट एकच: आपल्या कामाची ओळ नव्हे, तर वही मुखपृष्ठापासून उतरवावी.

आता रीत पाहू. प्रथम ज्यांच्या ताब्यात वही आहे त्यांची परवानगी घ्यावी. फ्लॅश वापरू नये. कागदावर चकाकी येते आणि अक्षर हरवते. खिडकीजवळचा, एका बाजूने येणारा उजेड उत्तम. वहीची शिवण उसवू नये म्हणून उघडलेल्या बाजूखाली कापडाची घडी ठेवावी; ती तर आमच्या दुकानातच मिळते! कॅमेरा पानाच्या बरोबर वर, स्टँडवर ठेवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे हात हलत नाही. पानाने पूर्ण चौकट भरली पाहिजे. १२ मेगापिक्सेलचा साधा मोबाईलही फुलस्केप पानावर इंचाला सुमारे ३०० ठिपके देतो. वाचायला तेवढे पुरे.

पहिला फोटो मुखपृष्ठाचा, दुसरा पूर्ण पानाचा, तिसरा हव्या त्या नोंदीचा. फाईलला वहीचे नाव, वर्ष आणि पान क्रमांक द्यावा. कागदावर हिजरी किंवा फसली सन असेल तर तोच लिहावा. हिशेब नंतर करता येतो. शिकस्ता उर्दू किंवा मोडी वाचता येत नसेल तर फोटो जाणकाराकडे पाठवावा. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावा, नाही तर चित्र बारीक होऊन अक्षर विरते. एकूण तीन प्रती ठेवाव्यात. त्यातली एक दुसऱ्या घरी.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फोटो म्हणजे दाखला नव्हे. कचेरीत प्रमाणित प्रतच चालते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने सरकारी कागद पाहण्याचा आणि त्याची प्रमाणित प्रत मागण्याचा हक्क दिला आहे. फोटो त्या कागदापर्यंतचा रस्ता दाखवतो. वही आणि पान सांगता आले की कारकुनालाही टाळता येत नाही.

तेव्हा व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, येत्या सुट्टीच्या दिवशी घरातली पेटी उघडा. बुजुर्गांना शेजारी बसवा. कागद दाखवत जा आणि ते जी नावे सांगतील ती लिहून घ्या. कागदाचा फोटो उद्याही घेता येईल कदाचित. पण नाव सांगणारा माणूस उद्या असेलच, याची हमी कोण देणार?