घरातली आरएक्स : जमा आणि खर्च

जुन्या यामाहा आरएक्स १०० चे वेड अलीकडे पुन्हा वाढले आहे. वस्तीतली विशी-बाविशीची मुले आम्हाला थांबवून विचारतात, “काका, देता का गाडी?” या मुलांच्या जन्माच्या कितीतरी आधी, १९९६ साली, ही गाडी निघायची बंद झाली. तरीही आज तिच्यासाठी लाखाच्या आसपासची भाषा बोलली जाते. आमच्याकडे १९९५ ची आरएक्स आहे. २००६ साली एका शिक्षकांकडून आम्ही ती १४ हजारांना घेतली. तेव्हापासून तिच्या खर्चाची स्वतंत्र वही ठेवली आहे. बी.कॉम. झालेल्या कारकुनाला दुसरे काय सुचणार! त्या वहीच्या आधारे दोन गोष्टी वाचकांपुढे ठेवतो.

आधी थोडा इतिहास. १९८० च्या सुमारास सामान्य माणसाला दुचाकी मिळणे सोपे नव्हते. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मोटारसायकलीत बुलेट, येझ्दी, राजदूत एवढीच नावे. पुढे सरकारने शंभर सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी परदेशी सहकार्याला वाट मोकळी केली आणि जपानी कंपन्या आल्या. टीव्हीएसबरोबर सुझुकी, हिरोबरोबर होंडा, बजाजबरोबर कावासाकी आणि एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा. या सहकार्यातल्या सुरुवातीच्या बहुतेक गाड्या शंभरीच्या आतल्या होत्या, त्याचे कारण हा नियम. आरएक्स १०० आली १९८५ साली. सुरुवातीच्या गाड्यांचे भाग जपानहून आणून इथे जोडले जात. ज्या इंजिनावर जपानचे नाव कोरलेले आहे, त्याला आज जास्त भाव मिळतो तो यामुळेच.

यामाहाचा मूळ धंदा वाद्यांचा. टाकीवरच्या खुणेत दिसतात ते तीन स्वरकाटे, वाद्ये सुरात लावायचे. १९५५ साली त्यांनी पहिली मोटारसायकल काढली, १२५ सीसीची, एकाच सिलिंडरची, टू-स्ट्रोक. जपानी लोक तिला ‘लाल चतुर’ म्हणत. आपली आरएक्स त्याच वंशातली. ५० मिलिमीटरचा बोअर, ५० चाच स्ट्रोक, भरतात ९८ सीसी. ताकद ११ अश्वशक्ती आणि वजन शंभरएक किलो. बुलेट दीडशे किलोंच्या वर, हे लक्षात घेतले म्हणजे ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पुढचे चाक का उचलू पाहते ते कळते. ब्रेक मात्र दोन्हीकडे साधे ड्रमचे. पळण्याच्या मानाने थांबणे कमी, हे नव्या पोरांना कोणी सांगत नाही.

टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा स्फोट होतो. म्हणून जोर आणि म्हणूनच धूर, कारण ऑइल पेट्रोलबरोबरच जळते. आमच्या वाटेवरच्या पंपांवरून टू-टी ऑइलची यंत्रे गेली. आता बाटली डिकीत ठेवतो आणि लिटरला २० ते २५ मिली मोजून घालतो. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळा मोहल्ला चाचा म्हणतो, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, “साहेब, उतारावर गिअरमध्ये ठेवून एक्सिलेटर पूर्ण सोडून लांबवर जायचं नाही. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. पिस्टन धरतो.” ही एक सूचना पाळली तर इंजिन वर्षानुवर्षे टिकते. दुसरी म्हणजे गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करणे. अलीकडे पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा केलेला बरा.

वहीत पाहिले तर २००६ पासून २०२५ पर्यंत दुरुस्तीवर सुमारे ७१ हजार गेले. त्यातला मोठा आकडा २०१४ चा. बोअर, पिस्टन, रिंगा, क्रँकचे बेअरिंग, सारे एकदम निघाले. बाकी टायर, चेन सेट, क्लच प्लेट, सायलेन्सरमधला कोळसा काढण्याची मजुरी. वर्षाला पावणेचार हजारांच्या आत बसते. लिटरला ३८ किलोमीटरच्या वर ती आम्हाला कधी गेली नाही. शेजारच्या चार-स्ट्रोक गाड्या साठ देतात. म्हणजे पेट्रोलच्या रकान्यात आम्ही तोट्यातच आहोत. जमेच्या बाजूला काय लिहावे? शिष्यवृत्तीचे अर्ज घेऊन उमरेडकडच्या खेड्यांत गेलो, तेव्हा नाल्यावरून दोघांनी उचलून पलीकडे ठेवली ती हीच गाडी. रात्री एकदा बाळंतिणीला दवाखान्यात पोचवले. त्या गोष्टींना रकाना नाही.

घ्यायला निघालेल्यांनी रंग पाहू नये, कागद पाहावेत. चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक स्वतः हात फिरवून आर.सी. बुकाशी ताडावेत. १०० च्या चेसिसमध्ये १३५ चे इंजिन बसवून खपवण्याचा धंदा जोरात आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार असा फेरबदल मनाने करता येत नाही. कट सायलेन्सरचे तर बोलूच नये. आवाज करणाऱ्याच्या घरात आजारी माणूस नसतो काय?

२०२५ च्या अखेरीस आमच्या गाडीची नोंदणी संपत होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. २०२० मध्ये ३०० रुपये शुल्क होते. २०२२ पासून ते १००० झाले आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारसायकलीला २००० रुपये. त्यावर पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी नंबर प्लेट. त्याच सुमारास मुलीला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती मागाहून येते, पैसे आधी भरावे लागतात.

पत्नीने सरळ सांगितले, “विका. गाडी अंगणात शिकत नाही, पोरगी शिकते.” बोलणे खोडण्यासारखे नव्हते. गिऱ्हाईकही आले. ९५ हजार रोख देतो म्हणाले. पण बोलता बोलता कळले की त्यांना गाडीशी कर्तव्य नव्हते, कागद आणि चेसिस नंबरचा तुकडा हवा होता. आमचा नंबर कापून कुठल्या तरी दुसऱ्या गाडीवर चढणार, आणि ती गाडी कोणाची हे विचारायचे नाही. त्यांना चहा पाजून परत पाठवले. दुसरे एक गृहस्थ सरळ होते, पण ५५ हजारांवर आले नाहीत. मुलीला लागत होते ६०.

शेवटी आम्ही पगारदार पतसंस्थेतून ६० हजारांचे कर्ज काढले, फी भरली आणि नोंदणीही करून घेतली. कागद आता २०३० पर्यंत आहेत. पत्नीने एक अट मात्र घातली. गाडी राखली म्हणून कर्ज झाले, तेव्हा त्याचे व्याज गाडीच्या वहीत, खर्चाच्या बाजूला लिहायचे. पहिला हप्ता गेला. व्याज लिहिले. ते बेरीज तपासायला बसल्या होत्या, आणि मुलगी बाहेर किक मारत होती. तिसऱ्या किकला चालू झाली.