कोळशाचा भाव आणि आडातले पाणी

सोलापूर जिल्ह्यात दगडी कोळशाची एकही खाण नाही. तरीही कोळशाशी आपला संबंध निकटचा आहे. फताटेवाडीच्या १३२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक केंद्राला पाणी उजनी जलाशयाचे लागते आणि कोळसा रेल्वेने बाहेरून आणावा लागतो. राज्याच्या वीजजाळ्यातून येणारी वीजही मोठ्या प्रमाणावर कोळशाचीच असते. या कोळशाची किंमत आपण वीजबिलातून भरतो. परंतु तो काढताना जे भूजल खर्ची पडते, त्याची किंमत कोण भरतो?

महाराष्ट्रातील कोळसा मुख्यत्वे चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांत सापडतो. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर अनेक ठिकाणी पाणी धरून ठेवणारा वालुकाश्म आहे. उघडी खाण भूजलपातळीखाली गेली की चोहोबाजूंनी पाणी खड्ड्यात झिरपू लागते आणि काम चालू ठेवण्यासाठी ते सतत उपसावे लागते. या उपशाने भोवतालची पातळी खड्ड्याच्या दिशेने उतरत जाते आणि उथळ विहिरी प्रथम आटतात. सोलापूरच्या सुमारे दुप्पट पाऊस पडणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यातही मग पावसाचा आधार पुरेसा ठरेलच असे नाही.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. उपसलेले पाणी शेतीला दिले, तर त्याची नोंद लाभ म्हणून होते. परंतु लाभ एका शेतकऱ्याचा आणि आटलेली विहीर दुसऱ्याची, असे घडू शकते. बेरीज-वजाबाकी बरोबर असूनही न्याय झालेला नसतो. शिवाय ज्याची विहीर आटली, तो कर्ज काढून ती खोल करतो. त्याचा हा खर्च राष्ट्रीय हिशेबात भांडवलनिर्मिती म्हणून जमेस धरला जातो! वस्तुतः पूर्वी होते तेवढेच पाणी तो दुसऱ्यांदा विकत घेत असतो.

अशा हानीचा अंदाज आधीच घेता यावा, म्हणून १९९४ च्या अधिसूचनेने पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन सक्तीचे केले. २००६ मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली. हेतू स्तुत्य आहे. पण अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराची नेमणूक आणि त्याचे शुल्क प्रकल्प मागणाऱ्याकडूनच होते. पायाभूत मोजणीही सामान्यतः पावसाळा वगळून एकाच हंगामाची असते. भूजलाचा स्वभाव एका हंगामात कळत नाही. पुढे विहीर आटली की खाणचालक पावसाकडे बोट दाखवतो आणि गावकरी खाणीकडे. जुनी नोंद नसल्याने पुराव्याचा भार अखेर दुर्बलावरच पडतो.

यावर उपाय अवघड नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यात कार्यरत असून निरीक्षण विहिरींची पातळी नियमितपणे मोजते. खाणीस अनुमती देण्यापूर्वी परिसरातील प्रत्येक विहिरीची पातळी व पाण्याची गुणवत्ता किमान तीन वर्षे, पावसाळ्यापूर्वी व नंतर, अशाच स्वतंत्र यंत्रणेने नोंदवावी. तुलनेसाठी खाणीच्या प्रभावाबाहेरील विहिरीही घ्याव्यात, म्हणजे पावसाचा दोष कोणता व खाणीचा कोणता, हे वेगळे करता येईल. नोंदी मराठीत ग्रामपंचायतीत लावाव्यात आणि भरपाईसाठी खाणचालकाकडून आगाऊ ठेव घ्यावी.

याने कोळसा महाग होईल, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु हा खर्च आजही होतच आहे. तो फक्त खाणीच्या जमाखर्चाऐवजी शेतकऱ्याच्या घरात पडतो. खाण बंद झाली म्हणून तो संपतही नाही. जर्मनीतील दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. तरीही रूर प्रदेशात खाणींतील पाण्याचा उपसा चालूच ठेवावा लागतो. या कायमच्या खर्चाची तरतूद करण्यासाठी तेथे २००७ मध्येच एक न्यास स्थापन करण्यात आला. आपल्याकडे खाण बंद झाल्यावर उरलेल्या खड्ड्यातील पाण्याची जबाबदारी कोणाची, हे खाण सुरू होण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण सोलापूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. दुष्काळात कोरड्या विहिरीचा अर्थ आपण अनुभवला आहे. म्हणूनच आपल्या घरातील दिव्यासाठी दूरच्या एखाद्या गावाचा आड आटत असेल, तर त्याचा हिशेब मागण्याचे कर्तव्य आपलेही आहे.