मस्टर बंद, मजुरी बाकी

बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तरेला संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे दोन तालुके सातपुड्याला टेकलेले आहेत. कापसाची शेवटची वेचणी आटोपली की पावसापर्यंत इथल्या अनेक कुटुंबांना रोजगार हमीच्या कामाचा आधार असतो. काम होतं, मस्टर म्हणजे हजेरीपत्रक बंद होतं, पण पैसे पडत नाहीत. पडले तरी कधी कमी पडतात. मग बाकी नेमकी किती, हे कुणाला तरी बसून काढावं लागतं.

हिशेबाला बसणारा जाणता कार्यकर्ता आधी तारखा विचारतो, कागद नंतर. मजूर बायांना तारखा पक्क्या ठाऊक असतात, त्यांच्या खुणा मात्र वेगळ्या असतात. ‘भेंडवळची घटमांडणी झाली आणि सोमवारपासून चर खोदायला लागलो,’ असं कुणी सांगितलं की धागा सापडतो. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला पीकपाण्याचं भाकीत सांगणारी ही घटमांडणी अक्षय्य तृतीयेला होते. २०२३ साली ती २२ एप्रिलला, शनिवारी आली. म्हणजे काम २४ तारखेला लागलं. आठवड्यात बाजाराच्या दिवशी एक खाडा. उरले सहा दिवस.

त्या वर्षी महाराष्ट्रात रोहयोची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. सहा दिवसांचे १,६३८ झाले. समजा, बाईच्या पासबुकात १,१४० रुपयेच जमा झालेत, आणि तेही ३ जुलैला. आता ४९८ रुपयांची वाट कुठे लागली ते शोधायचं.

पहिली शंका हजेरीची. जानेवारी २०२३ पासून कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो मोबाइल अॅपवर चढवणं सक्तीचं झालं. अंबाबरवा अभयारण्याच्या बाजूला डोंगराआड नेटवर्क गेलं आणि फोटो चढला नाही, तर अंगावर घाम असूनही हजेरी पडत नाही. म्हणून जॉब कार्ड, मस्टर आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून एकेक दिवस ताडून पाहतात. बाई सहा दिवस सांगते, मस्टरवर पाच आहेत. सोबत काम करणाऱ्या दोघी-तिघींना वेगवेगळं विचारलं आणि त्यांनीही तोच दिवस सांगितला, तर तो दिवस बाकीत धरायला हरकत नाही.

दुसरी शंका मापाची, आणि खरी मेख इथेच आहे. कामाच्या मापावर मजुरी हे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याच्या काळापासून महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेलं सूत्र. २७३ हा आकडा ठरवून दिलेलं काम पूर्ण भरलं तरच हाती येतो. गटाने खोदलेला चर मोजून मोजमाप पुस्तिकेत नोंदवतात आणि निघालेली रक्कम हजेऱ्यांवर वाटतात. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल, १०० मीटर लांब चराची खोदाई १८ घनमीटर होते. खोली २५ सेंटिमीटर लिहिली गेली की ती १५ घनमीटरवर येते. पाच सेंटिमीटर म्हणजे दोन-तीन बोटं, पण मजुरीचा सहावा हिस्सा गेला आणि २७३ चे २२८ झाले! मोजणी लांबली, मध्येच अवकाळी पाऊस झाला, कडेची माती चरात ढासळली, तर टेपवर खोली कमीच दिसणार. जमीन कोणत्या वर्गात लिहिली तेही पाहावं लागतं, कारण मुरमाचा दर मऊ मातीला लागत नाही.

तिसरी बाकी उशिराची. मस्टर बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी मिळाली पाहिजे, आणि सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर रोज ०.०५ टक्के भरपाई, असा नियम होता. मस्टर ३० एप्रिलला बंद झालं, पैसे ३ जुलैला आले, म्हणजे उशीर ४९ दिवसांचा. १,६३८ वर रोजचे ८२ पैसे, एकूण ४० रुपये. महिन्याला हा दर शेकडा दीड पडतो. त्याच दिवसांत घर चालवायला शेकडा तीनने उसने घेतले असतील, तर भरपाईतून निम्मं व्याजही धड फिटत नाही. हे अन्यायाचं आहे.

त्यातही बराच काळ एक पळवाट होती. खालच्या कार्यालयाने पैसे पाठवण्याचा आदेश काढल्यानंतर केंद्राकडून जो उशीर होई, तो भरपाईत धरतच नसत. स्वराज अभियानाच्या याचिकेवर १८ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केलं. उशीर कोणत्या पातळीवर झाला याच्याशी मजुराचा संबंध नाही, त्याला भरपाई मिळालीच पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता.

एवढं झाल्यावरही हाती एकच आकडा येत नाही. नोंदवलेलं माप खरं धरलं, तर बुडालेला एक दिवस आणि उशिराची भरपाई मिळून सुमारे २६२ रुपये. माप चुकीचं ठरलं, तर ५३८. अनुभवी कार्यकर्ता अर्जात हजेरी, माप आणि उशीर यांचे आकडे वेगवेगळे मांडतो. ठोक रक्कम लिहिली आणि मापाचा मुद्दा फेटाळला गेला, तर त्याबरोबर हजेरीचा हक्काचा दिवसही जातो. अर्ज तहसीलदाराकडे, कारण महाराष्ट्रात कार्यक्रम अधिकारी तोच. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याने त्याला तक्रार निकाली काढायला सात दिवस दिले होते. न मिळालेल्या रकमेवरची भरपाई ३ जुलैनंतरही वाढत राहते, म्हणून हिशेब कोणत्या तारखेपर्यंतचा आहे ते अर्जात लिहितात आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलत नाहीत.