शेतकऱ्याच्या मुलांस वाऱ्याची ओळख

पाऊस किती पडला हें गांवांतील लहान मूलही सांगतें. परंतु आज वारा कोणत्या दिशेचा व किती वेगाचा आहे असें विचारल्यास मोठीं माणसेंही घोटाळ्यांत पडतात. वस्तुतः उफणणी, फवारणी, संत्र्याच्या बागेस आडोसा करणें, हीं सर्व कामें वाऱ्याचें धोरण पाहूनच करावीं लागतात. हें ज्ञान मुलांस दहाबारा वर्षांच्या वयांतच द्यावें. त्यास खर्च नाहीं.

प्रथम दिशेचा विचार करूं. मुलास शेताच्या मध्यभागीं उभें करून शेताची चतुःसीमा तोंडपाठ करवावी: पूर्वेस अमक्याचें शेत, पश्चिमेस नाला, उत्तरेस पांधण, दक्षिणेस आपलीच विहीर. नंतर आग्नेय, नैऋत्य, वायव्य व ईशान्य या उपदिशा दाखवाव्या. मग एकच नियम मनावर बिंबवावा तो असा कीं, वारा जिकडून येतो त्या दिशेचें नांव त्यास द्यावयाचें. धूर पूर्वेकडे चालला म्हणजे वारा पूर्वेचा, असें मुलें हमखास म्हणतात. तो वारा पश्चिमेचा होय. हवामान खातें हीच दिशा अंशांत देतें. उत्तरेपासून घड्याळाच्या कांट्याप्रमाणें मोजीत गेल्यास पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७० व उत्तर ३६० अंश होतात.

पत्र्याचा बाण कापून सळईच्या टोकावर मोकळा फिरेल असा बसविला म्हणजे वातदर्शक तयार झाला. बाणाची शेपटी रुंद ठेवावी. तिच्यावर वाऱ्याचा दाब अधिक पडून ती मागें ढकलली जाते आणि टोंक वारा येतो तिकडे वळतें. घर किंवा झाड यांच्या उंचीच्या निदान दहापट अंतरावर तो उभारावा. नाहींतर अडलेला वारा भलतीच दिशा दाखवितो.

आतां वेग. वेधशाळेंत तो फिरत्या वाट्यांच्या यंत्रानें मोजतात. रॉबिन्सन यानें तें १८४६ सालीं केलें. ज्याचेजवळ यंत्र नाहीं त्यास ब्यूफोर्ट या आरमारी अधिकाऱ्याची १८०५ सालची श्रेणी उपयोगी आहे. ती मुळांत जहाजांकरितां होती. जमिनीवरील खुणा तीस मागाहून जोडल्या. धूर सरळ वर गेला तर वारा नाहीं. धूर कलला पण अंगास वारा लागत नाहीं, तर वेग ताशीं १ ते ५ किलोमीटर. तोंडास वारा लागून पानें सळसळलीं तर ६ ते ११. पानें व बारीक डहाळ्या सारख्या हालूं लागल्या तर १२ ते १९. धूळ व कागद उडूं लागले तर २० ते २८. लहान झाडें डोलूं लागलीं तर २९ ते ३८. मोठ्या फांद्या हालून छत्री सांवरेनाशी झाली तर ३९ ते ४९. वेग दुप्पट झाला म्हणजे वाऱ्याचा जोर चौपट होतो, हेंही मुलास सांगावें.

गणिताची गोडी असणाऱ्या मुलाकडून रुईची म्हातारी सोडवावी. २० मीटर अंतर तिनें १० सेकंदांत काटलें तर वेग सेकंदास २ मीटर, त्यास ३.६ नें गुणिलें म्हणजे ताशीं सुमारें ७ किलोमीटर.

नागपुराकडे पावसाळ्यांत वारा बहुधा पश्चिम व नैऋत्य बाजूचा असतो. तो फिरून पूर्वेचा झाला तर कारण शोधावें. वाऱ्याकडे पाठ करून उभें राहिल्यास कमी दाबाचें क्षेत्र डाव्या हातास असतें. पूर्वेच्या वाऱ्यांत तें दक्षिणेस आलें. बंगालच्या उपसागरांतून निघून पश्चिमेकडे सरकणारें असें क्षेत्र पुष्कळदां जोराचा पाऊस आणितें.

या शिक्षणाचें महत्त्व फवारणीच्या वेळीं कळतें. २०१७ सालीं आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर विषारी औषध फवारतांना वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले आणि शेंकडों आजारी पडले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, औषधांचीं मिश्रणें तीव्र, अंगावर संरक्षक साधनें नाहींत, अशीं अनेक कारणें त्यावेळीं पुढें आलीं. वारा पाहिल्यानें तीं सर्व टळतात असें नाहीं. परंतु फवारा आपल्याच तोंडावर येऊं न देणें हें प्रत्येकाच्या हातीं आहे. वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेच्या धुऱ्यापासून आरंभ करावा, वाऱ्यास आडवें चालावें, फवारा पूर्वेकडे धरावा आणि प्रत्येक फेरीस पश्चिमेकडे सरकावें. म्हणजे माणूस नेहमीं न फवारलेल्या पिकांत राहतो. पानें सारखीं हालूं लागलीं कीं फवारणी बंद ठेवावी. अगदीं निवांत हवाही बरी नव्हे. तींत सूक्ष्म थेंब लोंबकळत राहतात. मुलांस मात्र फवारणीच्या शेतांत कदापि नेऊं नये.

नागपुरास सोनेगांव येथें हवामान खात्याचें प्रादेशिक केंद्र आहे. त्याच्या अंदाजांतील दिशा व वेग मुलानें वहींत एका बाजूस लिहावे, व सकाळसंध्याकाळ स्वतः पाहिलेले दुसऱ्या बाजूस. एक पावसाळा हा क्रम चालला कीं, फवारणीस निघण्यापूर्वी बापानें मुलास वारा विचारावा. उत्तर बरोबर मिळेल.